उंबरठा

केप्याच्या नव्या बसस्टँडवर,
तिकीट खिडकीपासून नऊ पावलांवर
मी फरशीत तळं सोडलं.
छताला दोन प्रोजेक्टर, मधोमध खोली मोजणारा कॅमेरा,
वायरी माझ्याच हातच्या.
भिंगावर दर पंधरवड्याला बुरशी चढते,
ती पुसायला चष्म्याचं फडकं.

मासे बेंगळुरूच्या ऑफिसातून आले,
तांबडे, पांढरे, जपानी वळणाचे.
पाय पडला की पांगतात,
पाय थांबला की हळूच जवळ येतात.
मासळीवाली मिनीन टोपली कमरेवर घेऊन बघत राहिली,
म्हणाली, ह्या नुस्त्यांक दर कितें?
आणि स्वतःच हसत मडगावच्या बसमध्ये चढली.

पहिल्या यंत्राला टाच लागायची.
अनिशा पागी चाकाच्या खुर्चीतून
तळ्याच्या या काठावरून त्या काठाला गेली
आणि एक मासा हलला नाही.
पाण्यावरून कोणी गेलंच नव्हतं.
ती मागे वळली नाही. मी मात्र
लॅपटॉप उघडा ठेवून खांबामागे उभा होतो.
यंदाचं यंत्र चाक ओळखतं, कुबडी ओळखतं.
पुढच्या वर्षीचं म्हणे
नुसत्या चालीवरून सांगेल दमलेलं कोण,
आणि त्याच्या पायाशी पाणी संथ करील.
मी कॅटलॉग वाचतो, मान हलवतो,
माझी चाल कोणी मोजू नये असं वाटतं.

शेवंती वेळीप दर बुधवारी येते,
कंदांची पिशवी, आणि पायात काही नाही.
तळ्याला वळसा घालते,
भिंतीला खांदा घासत, बाकड्यांच्या मागून.
एकदा तेवढ्यात तिची बस सुटली.
म्हटलं, मावशी, मधून जा की, उजेडच तो.
ती म्हणाली,
आमच्या न्हंयदेगेर फातरार बैल कोरल्यात.
हांव तांचेर पांय दवरना.
उदक ओततां, मागीर ते दिसतात.

हे सांगताना तिने हातानेच पाणी ओतल्यासारखं केलं
आणि मग खाली बसली, काठाला,
दोन बोटं टेकवली फरशीवर,
तव्याची धग बघतात तशी.

मासे आले नाहीत.
येणारच नव्हते.
मीच लिहून ठेवलं होतं आत:
आठ सेंटिमीटरच्या खालचं काही मोजायचं नाही.
पाली, पतंग, उडालेलं तिकीट,
हा सगळा गोंधळ वगळावा.
त्या ओळीचं नाव उंबरठा.
दोन बोटं गोंधळात गेली होती.

मी तिथेच आकडा पुसला.
आठाचा एक केला.
एक मासा वळला, मग तीन,
मग तिच्या नखांभोवती ही दाटी.
शेवंतीने हात काढला नाही,
मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं,
जणू मी काही चोरून आणलं होतं
आणि तिला ते चाललं होतं.

त्या रात्री मी आकडा परत आठवर न्यायला विसरलो.
विसरलो असंच म्हणतो.
शेवटची बस गेल्यावर फरशीवर
एक पाल आली, पाणी तिच्यामागे हललं.
पतंग पडला, वर्तुळं उठली.
कुष्टा कंडक्टरच्या खिशातला रुपया
घरंगळत गेला, त्याच्यामागे अख्खा थवा.
चिखलाच्या पायाचा कुत्रा मधोमध झोपला
आणि पहाटेपर्यंत मासे त्याच्या श्वासाबरोबर
जवळ, लांब, जवळ.

सकाळी बेंगळुरूहून फोन:
केप्यात एका रात्रीत चार हजार दोनशे माणसं?
मी खिडकीतून पाहिलं.
झाडूवाली कुत्र्याला उठवत होती,
पाणी दोघांच्याही पायाशी फुटत होतं.
म्हटलं, होय सर.
बुधवार होता काल.